मानीव अभिहस्तांतरण : आदेशानंतरची वाट

सदनिकेचा करारनामा नोंदला, सूची क्रमांक दोनची प्रत हाती आली आणि संस्थेने भागपत्र दिले की मालकी पूर्ण झाली, असा समज महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांत रूढ आहे. वस्तुतः या तिन्हींमुळे इमारतीखालची जमीन संस्थेची होत नाही. त्यासाठी प्रवर्तकाने, म्हणजे इमारत बांधून सदनिका विकणाऱ्याने, जमीन व इमारत यांवरील हक्क नोंदणीकृत दस्ताने संस्थेला द्यावे लागतात, आणि या दस्ताला अभिहस्तांतरण किंवा बोलीत कन्व्हेयन्स म्हणतात. 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्याखालील, म्हणजे ‘मोफा’खालील, नियमांनुसार, करारात मुदत ठरलेली नसेल तर संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत हे कर्तव्य पार पाडायचे असते. ते सर्रास टाळले जाऊ लागल्याने 2008 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रवर्तक सही करीत नसल्यास सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाने, त्याची बाजू ऐकून सहा महिन्यांच्या आत एकतर्फी दस्तासाठी प्रमाणपत्र द्यावे, अशी तरतूद आली. हेच मानीव अभिहस्तांतरण होय.

संस्थांचा अनुभव पाहता अर्ज अडतो तो बहुधा क्षेत्रफळावर. एकाच भूखंडावर चार-पाच इमारती असतील, तर प्रत्येक संस्थेला भूखंडातील अविभक्त हिस्सा हवा असतो, आणि प्रवर्तकाला मात्र केवळ जोत्याखालची जागा द्यायची असते. कारण उरलेले चटईक्षेत्र, म्हणजे त्या भूखंडावर अजून बांधता येण्याजोगे क्षेत्र, आणि बाहेरून आणता येणारा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, यांची किंमत मूळ इमारतीहूनही मोठी असू शकते. अशा वेळी प्राधिकारी मुख्यतः करारनामे पाहतो. म्हणून अर्जापूर्वी सर्वांत जुना करारनामा, मंजूर नकाशा व रेखांकन यांतील क्षेत्र एकमेकांशी जुळते का, हे वास्तुविशारदाकडून तपासून घेणे वकिलाच्या पहिल्या भेटीइतकेच निकडीचे असते. सभेच्या विषयपत्रिकेवर लिफ्टची दुरुस्ती नेमाने येते, हा विषय मात्र ‘आयत्या वेळी’च येतो.

प्राधिकाऱ्याचा आदेश मालकीचा अंतिम निवाडा नसतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. त्याची चौकशी मर्यादित असून मालकीहक्काचा वाद दिवाणी न्यायालयात नेण्याचा मार्ग प्रवर्तकाला व जमीनमालकाला खुला राहतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. सबब जमीनमालक वेगळा असेल, तर त्याला व ज्ञात वारसांना अर्जातच पक्षकार करणे शहाणपणाचे. नोटीस न मिळाल्याच्या एकाच मुद्द्यावर आदेश रद्द होऊन प्रकरण पुन्हा सुनावणीला येऊ शकते.

आदेश हाती आला की बहुतेक कार्यकारिणी निश्चिंत होतात. खरे काम तेथूनच सुरू होते. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे देय शुल्क ठरवून घेण्यासाठी, जातो. तेथे सभासदांनी आपापल्या करारांवर भरलेले शुल्क वजा होते, पण ज्या सदनिकांचे शुल्क भरलेलेच नाही त्यांची तूट आधी भरावी लागते आणि परदेशी गेलेल्या किंवा मृत सभासदांची कागदपत्रे शोधण्यात महिने जातात. पुढे दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते. तीही पुरेशी नसून नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज केल्याखेरीज मिळकत पत्रिकेवर प्रवर्तकाचे किंवा मूळ मालकाचे नाव तसेच राहते, आणि ही त्रुटी बहुधा पुनर्विकासासाठी विकासक नेमल्यावर, त्याचा वकील हक्कशोध घेतो तेव्हा उघडकीस येते.