घरगुती उपचार : कोणास, किती आणि केव्हा

पन्हाळा तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पावसाळ्यात वाड्यावस्त्यांचे दळणवळण बेताचेच राहते. कासारीला पूर आला म्हणजे बाजारभोगावकडील रस्त्यांवर पाणी येते आणि जवळचा दवाखानाही दूरचा होतो. अशा रात्री मूल जुलाबाने गळून गेले किंवा दुभती म्हैस फुगली, तर घरधनिणीचा मसाल्याचा डबा हाच पहिला दवाखाना ठरतो. ही चाल जुनी असून तिच्यात पुष्कळ तथ्य आहे. मात्र जी वस्तू बाळास चालते ती वासरास चालतेच असे नाही, व जी म्हशीस चालते ती कुत्र्यामांजरास मारक ठरू शकते. ग्रामसेवकांनी घरोघरी समजावून द्यावयाची गोष्ट हीच होय.

प्रथम जुलाबाचा विचार करू. जुलाबाने मूल दगावते ते मुख्यतः अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते रुग्णांना पाजविले. नातेवाइकांनीच पेल्याने पाणी पाजावे, अशी व्यवस्था ठेवली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. स्वयंपाकघरातील जिनसांनी एवढे काम केल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

घरी हे पाणी करताना उकळून गार केलेले १ लिटर पाणी, साखर सपाट ६ चहाचे चमचे व मीठ सपाट अर्धा चमचा, एवढेच प्रमाण ठेवावे. चमचा शिगोशीग भरू नये. मीठ जास्त झाल्यास मुलास अपाय होतो. पाण्याची चव अश्रूंपेक्षा खारट लागली, तर ते ओतून देऊन नवे करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीची पुडी मिळत असल्यास तीच अधिक चांगली. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त पडले किंवा पाणी पोटात ठरेना, तर घरी थांबू नये.

आता हेच साखरेचे पाणी हगवण लागलेल्या वासरास पाजण्याचा मोह होतो. ते करू नये. कोवळ्या वासरास साखर पचविता येत नाही. ती आतड्यात तशीच राहून हगवण वाढविते. वासरास ग्लुकोजचे पाणी पचते. जलसंजीवनीच्या पुडीत ग्लुकोज असल्यामुळे अडचणीच्या वेळी ती उपयोगी पडते. दूध चालू ठेवावे. हे पाणी दोन वेळच्या दुधाच्या मध्ये द्यावे.

कोवळा, ओला चारा एकदम पोटभर मिळाला म्हणजे जनावर फुगते. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणते, जनावर ऊठबस करते व धापा टाकते. पोटात फेस झाला असल्यास तो मोडण्यासाठी मोठ्या जनावरास सुमारे पाव लिटर गोडेतेल पाजावे. पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे आणि कडुलिंबाची काठी तोंडात आडवी बांधावी; जनावर ती चघळते, लाळ सुटते व वायू बाहेर पडण्यास मदत होते. तेल पाजण्याची रीत तेलाइतकीच महत्त्वाची आहे. पुष्कळ ठिकाणी एक जण जीभ बाहेर ओढतो व दुसरा मान वर ताणून बाटली ओततो. असे केल्याने तेल श्वासनलिकेत जाते. पोटफुगीतून वाचलेले जनावर मग दोनचार दिवसांनी फुफ्फुसाच्या दाहाने दगावते आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो. जीभ मोकळी ठेवावी, मान किंचितच वर करावी, गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे ओतावे, आणि ठसका लागताच थांबावे. जनावर आडवे पडले असल्यास काहीही पाजू नये, तातडीने पशुवैद्यकास बोलवावे.

बेंदराच्या दिवशी बैलांस पुरणपोळ्या चारण्याची हौस असते. एखाददुसरी पोळी हा मान झाला. टोपलीभर पोळ्या किंवा लग्नातला उरलेला भात म्हणजे पोटात आम्ल होऊन बैल बसण्याची तयारीच होय. येथे तेलाचा उपयोग नाही, उपचार पशुवैद्यकानेच करावयाचा असतो.

दुभत्या जनावराच्या कासदाहावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसृत केलेला एक उपाय येथील गोठ्यांस सोयीचा आहे. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व खाण्याचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून लालसर लगदा करावा. सडातील दूध पूर्ण काढून, कास धुऊन, मूठभर लगदा पाण्यात पातळ करून सर्व कासेस लावावा. दिवसातून सुमारे १० वेळा, निदान ५ दिवस लावावा व लगदा रोज ताजा करावा. दुधात गाठी येऊ लागल्या आहेत काय, हे धार काढण्यापूर्वी पहिल्या दोन पिळा काळ्या फडक्यावर घेऊन पाहावे. असे दूध डेअरीत घालू नये. कास दगडासारखी कठीण झाली, ताप आला किंवा धारेत रक्त आले, तर केवळ लेपावर विसंबू नये. हळद शक्यतो हळकुंडे आणून घरीच दळावी. भडक पिवळ्या रंगासाठी भेसळ होते व तीत शिसे असू शकते.

कुत्र्यामांजरांच्या बाबतीत घरातील दयाळूपणाच कधी कधी घात करतो. माणसाची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजरास थोडीही विषारी ठरते. कांदालसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी मोडते. गोचिडांवर रॉकेल चोळले तर कातडी भाजते. आणि पिकावर फवारावयाचे औषध म्हशीच्या अंगावर चोळणे हा तर उघड विषप्रयोग होय. ते कातडीतून रक्तात उतरते व दुधातही येऊ शकते.

गुऱ्हाळात उकळता रस अंगावर उडाला तर हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काही लावू नये. भाजलेला भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा, बर्फ वापरू नये. रस निवळण्याचा चुना डोळ्यात गेल्यास डोळा ताबडतोब भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावा व डॉक्टरांकडे जावे.

कुत्रे चावल्यावर जखमेत तिखट किंवा चुना भरण्याची रीत अद्याप काही घरांत आहे. तिने जखम चिघळते आणि दवाखान्यात जाण्याचा वेळ वाया जातो. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात प्रकट झाला की त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. येथे उपयोगी पडणारी घरातील वस्तू एकच : साबण. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, घट्ट पट्टी बांधू नये व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. रक्त आले असल्यास जखमेत टोचावयाच्या प्रतिविषाची गरज डॉक्टरांना विचारावी. कुत्रे आपले पाळीव आहे, एवढ्यावरून लस टाळू नये. म्हशीस किंवा बैलास कुत्रे चावल्यास तिचीही जखम याच प्रकारे, हातात मोजे घालून धुवावी व पशुवैद्यकाकडून लस टोचून घ्यावी. अशा म्हशीचे दूध कच्चे कोणीही पिऊ नये.