खळं रिकामं झालं की ये

(फोनवर. भाचा पुण्यात, मामा वारासिवनीजवळच्या शेतात.)

भाचा : मामा, डिसेंबरात मोटरहोम घेऊन निघतोय. कान्ह्याला मुक्की गेटनं जायच्या आधी चार रात्री तुमच्या शेतावर गाडी लावू?

मामा : डिसेंबरात लावशील कुठं? सपाट आणि घट्ट जागा एकच, खळं. तिथं तेव्हा चिन्नोरचे भारे असतात. बाकीचं धान घरात येतं तरी चिन्नोर मागं रेंगाळतो. 2021 ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता भलताच तांदूळ चिन्नोर म्हणून खपवतात, आणि आम्ही...

भाचा : मामा, गाडी.

मामा : हं. संक्रांतीनंतर ये.

भाचा : बांधीत लावली तर? कापणीनंतर रिकामीच की.

मामा : रिकामी? अरे बाप्पा! धान उभं असतानाच त्यात लाखोळीचं बी फेकतो आम्ही. मातीतल्या उरल्या ओलीवर ती वाढते. तुझी तीन-चार टनांची गाडी तिच्यावरून जाणार, वर धुरा दाबणार. दबलेला धुरा पुढच्या पावसाळ्यात तिथंच फुटतो, मग बांधीत पाणी थांबत नाही. पाणी नाही तर धान नाही.

भाचा : पटलं. आणि गाडीतल्या संडासाचं?

मामा : सांगतो. आधी वीज. घरच्या मीटरवर तुझा एसी लावू नको. पंप सुरू झाला की आमचा बल्ब लाल पडतो. मोबाईल, दिवे, पंखा, एवढंच.

भाचा : चालेल. पण संडासाची ती पेटी भरली की...

मामा : तिकडं महाराष्ट्रात 2020 ला कृषी पर्यटनाचं धोरण झालं, 2021 ला कॅरॅव्हॅनचं. इथं मध्य प्रदेशात त्याचा काय उपयोग? 1956 ला राज्यांची रेघ मारली, भंडारा तिकडं गेला, आम्ही इकडं राहिलो. तिकडची कागदं सीमेवरचा रजेगावचा पूल ओलांडत नाहीत.

भाचा : मामा, पेटी! लोक म्हणतात कुठंही खड्डा करा.

मामा : आमच्या बोडीच्या काठाला? तीत मासे आहेत, गुरं पाणी पितात. त्या पेटीत तुम्ही निळं औषध घालता ना?

भाचा : वास येऊ नये म्हणून.

मामा : वास मारणारं औषध जंतूही मारतं. आणि आमच्या संडासाचं सगळं काम जंतूंवर चालतं. दोन खड्डे आहेत. एक भरला की बंद करून दुसरा चालू. बंद खड्ड्यातल्या घाणीची वर्ष-दीड वर्षात माती होते. त्यात तुझं निळं पाणी ओतलं तर घाण तशीच राहील.

भाचा : मग औषध न घालता आणली तर?

मामा : तर आमच्या भांड्यात ओत, वरून बादलीभर पाणी टाक. भांडी-आंघोळीचं पाणी वेगळं. ते केळीच्या आळ्यात जाईल, पण साबण बेतानं. आणि रोज पेटी ओतत बसण्यापेक्षा सरळ आमच्याच संडासात जा की. वीस पावलांवर आहे.

भाचा : रात्री?

मामा : टॉर्च घे. तणसाच्या ढिगाशी चप्पल काढून ठेवू नको. ठेवलीस तर झटकून घाल. आणि येताना मागच्या रस्त्यानं येऊ नको, आंब्याची फांदी खाली आलीय. तुझी गाडी किती उंच आहे म्हणालास?