ऊसतोडीची हालचाल टिपायला कोणती यंत्रणा घ्यावी?

कोटेशन मागवण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा: कोणत्या सांध्याचा कोन मोजायचा आणि किती अंशांचा फरक पकडायचा. कराडचे फिजिओथेरपीचे विद्यार्थी किंवा सांगलीच्या ‘वालचंद’ अभियांत्रिकी महाविद्यालयातले अभियंते ऊसतोड कामगारांच्या कंबरदुखीवर काम करणार असतील, तर निम्मी निवड इथेच होते.

मग गाळप हंगामात फडावर जा. कामगार वाकून बुडख्यात कोयता घालतो, वाढं छाटतो, मोळी बांधून डोक्यावर घेतो. घाम आणि पाचट यांत अंगावर चिकटवलेले मार्कर टिकत नाहीत, म्हणून नुसत्या व्हिडिओवरून कोन काढणाऱ्या विनामार्कर पद्धतीचा मोह होतो. पण बायकांचा वेश बघा. साडी, तिच्यावर पुरुषी शर्ट. आत खुबा नेमका कुठे आहे, हे सॉफ्टवेअर अंदाजानेच ठरवणार.

आता विनामार्कर सॉफ्टवेअरचे पर्याय. ओपनकॅपला दोन आयफोन, दोन ट्रायपॉड आणि चौकटींचा छापील पट पुरतो; शैक्षणिक संशोधनासाठी ते मोफत आहे. थिया थ्रीडीला एकाच वेळी फ्रेम टिपणारे बरेच कॅमेरे लागतात, शिवाय विकतचा परवाना. पोझटूसिम खुलं आणि फुकट, मात्र पायथन येणारा चिकाटीचा माणूस हाताशी हवा.

खरी मेख कण्यात आहे. अशा बहुतेक यंत्रणा धड म्हणजे एक सलग ठोकळा मानतात. माणूस खुब्यातून वाकला की कंबरेच्या मणक्यांतून, हे त्यांना नीट वेगळं करता येत नाही. तुमचा प्रश्न तोच असेल तर कॅमेऱ्यांवर पैसे घालू नका. माकडहाडाच्या वर आणि पाठीवर जडत्व-सेन्सर बांधा. गुडघा-खुब्यासाठी कॅमेरे चालतील.

फडाच्या कडेला चाचणी घ्या. घाव घालताना मनगट धूसर दिसलं तर सेकंदाला 60 ऐवजी 120 फ्रेम घ्या. ओपनकॅपच्या 2023 च्या शोधनिबंधात कोनांची सरासरी चूक साडेचार अंशांच्या आसपास होती, तीही प्रयोगशाळेतल्या चालणं, उठणं-बसणं, उडी अशा हालचालींत. तुम्हाला तीन अंशांचा फरक शोधायचा असेल तर तो बेत सोडा.

ओपनकॅपचे व्हिडिओ इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जातात, चेहऱ्यांसकट. आचारसमितीला हे आधीच सांगा. संमतीपत्र वाचून दाखवा, आणि मुकादम जवळ नसताना. त्याची उचल घेतलेल्याला त्याच्यासमोर नाही म्हणणं जड जातं.