आधी पाटा धुवा

ओढ्यातला खेकडा खळखळून उकळला की त्याच्या अंगातली कीड मरते. त्यामुळे आमच्या घरी जे दुखणं आलं त्याचा दोष रश्श्याच्या पातेल्याला देता येत नाही. पातेलं चुलीवर चढण्याआधी काय काय होतं, तिकडे मात्र आम्ही कुणीच बघत नव्हतो.

माझं सासर मावळातलं. मृगाचा पाऊस लागला की रात्री बत्त्या घेऊन ओढ्याला जायचं, काठीला कोंबडीची आतडी बांधून दगडाखालचे खेकडे बाहेर काढायचे, हा इथला जुना शिरस्ता. ससा, तितर मारायला 1972 च्या कायद्याने बंदी आली. गरिबाच्या ताटात रानातलं म्हणून उरलं ते हेच. धाकटे भाऊजी यात सगळ्यांच्या पुढे. पोती भरून आणायचे आणि त्यातले चारदोन तिथेच काठावर, पालापाचोळ्याच्या जाळावर भाजून खायचे. पावसातला जाळ तो. कवच काळं पडायचं, आतलं मांस मात्र ओलंच राहायचं.

पुढे हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. थुंकी गंजाच्या रंगाची, कधी रक्ताची चिरी. तपासणीत टीबीचे जंतू दिसले नाहीत, पण छातीच्या फोटोत डाग होता, म्हणून टीबीचीच औषधं सुरू झाली. गोळ्या संपत राहिल्या, खोकला काही हटेना. गंमत म्हणजे माणूस धडधाकट. जेवण चांगलं, वजनही उतरलेलं नाही. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी, जे पूर्वी मणिपुरात काम करून आले होते, वेगळंच विचारलं, "पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे खाता का हो?" रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या निघाल्या. थुंकी टीबीचा रंग न देता तशीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर त्यात अंडी होती. टीबीसाठी थुंकीवर जी प्रक्रिया करतात तिच्यात ही अंडी टिकत नाहीत, म्हणून आधी कुणाला दिसली नव्हती. फुप्फुसातला चपटा कृमी, पॅरागोनिमस त्याचं नाव. प्राझिक्वांटेलच्या गोळ्या वजनाच्या हिशोबाने तीन दिवस दिल्या आणि खोकला ओसरला.

या कृमीची अंडी थुंकी-विष्ठेतून पाण्यात जातात. तिथून गोगलगायीत, गोगलगायीतून खेकड्यात. खेकड्याच्या कल्ल्यांत आणि मांसात कृमीचं पिल्लू बारीक पुटकुळी होऊन बसतं, डोळ्यांना दिसत नाही. कच्चं मांस पोटात गेलं की पिल्लू आतड्याची भिंत भेदतं, पोट आणि छातीमधला पडदा ओलांडून फुप्फुसात पोचतं. मणिपूर, नागालँड, अरुणाचलात हा आजार चांगला माहितीचा आहे; आपल्याकडे त्याचं नाव निघत नाही, म्हणून टीबीच्या फाईलमध्ये जातो. खाडीच्या चिंबोरीत हा कृमी नसतो, तो गोड्या पाण्यातल्या खेकड्याचा सोबती. कोळणीकडची चिंबोरी घेणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये.

जाळावरचे खेकडे भाऊजींनी सोडले. पण ते डॉक्टर पुढे म्हणाले त्याने मीच विचारात पडले. "वहिनी, रश्श्यासाठी पाय कुटता ना? कशावर?"

पाट्यावर. आमच्याकडे रश्श्याची खरी चव बारीक पायांत असते. ते ठेचायचे, पाणी घालून रस गाळायचा आणि त्या रसात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण सोडायचं. तो रस उकळतो, त्यात भीती नाही. पण पाट्यावर, वरवंट्यावर, बोटांच्या पेरांत कच्चा रस उरतो आणि त्याच पाट्यावर लगेच कोथिंबीर-मिरची वाटली की ती चटणी कच्चीच ताटात येते. कोरियात गोवराच्या पोरांना गोड्या पाण्यातल्या कवचवाल्या जिवांचा कच्चा रस पाजायचे, त्यातूनही हा रोग पसरला. आपल्याकडे कुणी आजी ताकदीसाठी म्हणून पोराला कच्चा रस चाटवत असेल तर तिचा मान ठेवूनही तिला थांबवावं. लिंबू पिळून किंवा मीठ लावून कीड मरेल या भरवशावरही राहू नये.

म्हणून आता माझा क्रम उलटा. चटणी, कोशिंबीर आधी करून झाकून ठेवते, खेकडे सगळ्यात शेवटी. खेकडा जिवंतच हवा. डोळ्याला काडी लावली की त्याने डोळा आत ओढला पाहिजे. मेलेला फार लवकर नासतो, तो टाकून द्यायचा. पोटाखालच्या पडद्यात पिल्लं असलेली मादी दिसली तर ओढ्यात परत. आधी बर्फाच्या पाण्यात ठेवून खेकडे सुन्न करायचे, मग डेंगे आणि पाय मोडायचे, पाठ उचकटून दोन्ही बाजूंचे करडे, पिसासारखे कल्ले काढून टाकायचे. पिवळं असतं ते ठेवायचं. पाय मिक्सरमध्ये फिरवले तरी चालतात, फक्त ते भांडं, गाळणं, विळी, हात गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन मगच दुसऱ्या कशाला हात लावायचा. 63 अंश उष्णता आतपर्यंत पोचली की पुरे, पण थर्मामीटर घेऊन कोण बसतं? उकळी फुटल्यावर झाकण ठेवून वीस मिनिटं शिजू द्यावं. डेंग्याचं मांस पांढरंशुभ्र होऊन सुटलं की झालं. आमसूल शेवटी.

कितीही शिजवून न जाणारी एक गोष्ट म्हणजे कीटकनाशक. खेकडे बांधाला भोकं पाडतात, खाचरातलं पाणी गळून जातं, म्हणून काही शेतकरी त्या भोकांत फोरेटसारखं औषध घालतात. फोरेटवर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, पण बंदी आली म्हणून गोठ्यातल्या माळ्यावरचा जुना डबा रिकामा होत नाही. हात लावला तरी डेंगा न उगारणारा, दिवसाढवळ्या बांधावर सुस्त पडलेला खेकडा उचलायचा नाही. भात लावलेल्या खाचरात उतरण्याआधी मालकाला विचारावं, काय टाकलंय का. विचारायचा संकोच वाटत असेल तर त्याच्या बांधावरचे खेकडे त्यालाच राहू द्यावेत.