सोबत्याच्या तिकिटाचा खरा हिशेब

अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या क्रेडिट कार्डांच्या जाहिरातीत एक ओळ ठळक असते: एक तिकीट घ्या, सोबत्याला जवळजवळ फुकट न्या. याला कंपॅनियन तिकीट म्हणतात. नवरा-बायको मिळून वर्षातून एकदोनदा विमानाने जात असाल, तर यात चांगले पैसे वाचू शकतात. पण कार्ड घेऊन कूपन ड्रॉवरमध्ये पडून राहिले, तर दरवर्षी शुल्क भरून हाती काहीच लागत नाही.

अर्ज करण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे कूपन नसते, तर दुसरे तिकीट मी किती डॉलरला घेतले असते? त्या रकमेतून कार्डाचे वार्षिक शुल्क, सोबत्याच्या तिकिटावरचे कर आणि दुसऱ्या कार्डावर मिळाले असते ते कॅशबॅक वजा करा. जे उरेल तीच तुमची बचत. कंपनी छापते तो ‘मूल्य अमुक डॉलरपर्यंत’ हा आकडा विसरा.

कोणते कार्ड कोणासाठी

आधी तुमचा विमानतळ पाहा, मग कार्ड. सिअ‍ॅटल, पोर्टलंड किंवा बे एरियात राहत असाल तर अलास्का एअरलाइन्स. अटलांटा, डेट्रॉइट, मिनिआपोलिस इथे डेल्टा. डॅलस, ह्यूस्टन, बाल्टिमोर, फिनिक्स, डेन्व्हर इथे साउथवेस्ट. न्यू जर्सीतल्या एडिसनकरांनी साउथवेस्टचे कार्ड घेण्याआधी दोनदा विचार करावा. ही कंपनी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूअर्कहून निघून गेली. लागार्डिया किंवा फिलाडेल्फिया गाठण्याचा खर्च आणि पार्किंग हिशेबात धरा.

अलास्का: सगळ्यात सोपे

ऑगस्ट २०२५ पासून अलास्काच्या कार्डाचे नाव ‘अ‍ॅटमॉस रिवॉर्ड्स असेंट’ आहे, कार्ड बँक ऑफ अमेरिकेचे. वार्षिक शुल्क ९५ डॉलर. सोबत्याचे भाडे ९९ डॉलर आणि वर कर किमान २३ डॉलर, म्हणजे १२२ डॉलरपासून पुढे. पहिल्या वर्षीचे कूपन बहुधा स्वागत-ऑफरमध्येच असते. नंतरच्या वर्षांत ते आपोआप येत नाही. आधीच्या कार्ड-वर्षात ६,००० डॉलर खर्च केलेला असावा लागतो. हे वर्ष कार्ड उघडल्याच्या तारखेपासून मोजतात, जानेवारीपासून नव्हे.

आता हिशेब. समजा, नाताळच्या सुटीत सिअ‍ॅटलहून माउईला जाऊन येण्याचे तिकीट माणशी ६५० डॉलर आहे. सोबत्याचे १२२ पडले, ५२८ वाचले. त्यातून ९५ चे शुल्क गेले, उरले ४३३. अजून एक वजाबाकी राहिली. तेच ६,००० डॉलर दोन टक्के रोख परत देणाऱ्या कार्डावर खर्च केले असते तर १२० डॉलर मिळाले असते. अलास्का साध्या खरेदीवर डॉलरला एक पॉइंट देते. पॉइंटला एक सेंट धरला तर ६० डॉलर. फरक ६० चा. खरी बचत ३७३ डॉलर.

हेच कूपन सिअ‍ॅटल-सॅन होजे अशा १४० डॉलरच्या तिकिटावर वापरले तर वाचतात अठरा डॉलर, आणि शुल्क भरले ९५. म्हणून एक आकडा लक्षात ठेवा: दुसरे तिकीट २७७ डॉलरपेक्षा महाग असेल तरच अलास्काचे कूपन फायद्यात जाते. लांबचे अंतर, सुटीचा हंगाम, ऐन वेळचे तिकीट, हीच त्याची जागा.

काय चालते आणि काय नाही: दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणात, त्याच विमानांची, इकॉनॉमीचीच. पहिले तिकीट पैसे देऊन घेतलेले हवे, पॉइंट वापरून घेतलेले चालत नाही. पैसे याच कार्डावरून भरावे लागतात. मात्र कार्डधारकाने स्वतः प्रवास केलाच पाहिजे, अशी अट नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांना तुम्ही सिअ‍ॅटलहून न्यूयॉर्कला बहिणीकडे पाठवत असाल, तर हे कूपन त्या दोघांसाठी वापरता येते.

डेल्टा: शुल्क मोठे, अटी बारीक

डेल्टाची कार्डे अमेरिकन एक्सप्रेसची. कंपॅनियन सर्टिफिकेट फक्त दोन कार्डांवर: प्लॅटिनम (वार्षिक ३५० डॉलर) आणि रिझर्व्ह (६५० डॉलर). पहिला सापळा इथेच. सर्टिफिकेट पहिल्या वर्षी मिळत नाही. कार्डाचे नूतनीकरण झाल्यावर, म्हणजे दुसऱ्यांदा शुल्क भरल्यावर ते येते.

प्लॅटिनमचे सर्टिफिकेट मेन केबिनसाठी. रिझर्व्हचे फर्स्ट क्लास आणि डेल्टा कम्फर्टमध्येही चालते. २०२४ पासून अमेरिकेबरोबर मेक्सिको, कॅरिबियन आणि मध्य अमेरिकाही त्यात आली. सोबत्याला भाडे शून्य, कर मात्र भरावे लागतात: देशांतर्गत जाण्यायेण्यासाठी कमाल ८० डॉलर, देशाबाहेर कमाल २५०. जाणे-येणे दोन्ही हवे, एकेरी तिकीट चालत नाही. येता-जाता मिळून चारपेक्षा जास्त उड्डाणे नकोत.

सगळ्यात महत्त्वाचे: प्रत्येक तिकिटाला हे लागू होत नाही. मेन केबिनमध्ये फक्त एल, यू, टी, एक्स आणि व्ही या भाडेवर्गांची तिकिटे चालतात. सगळ्यात स्वस्त बेसिक तिकीट या यादीत नाही. त्यामुळे दोन वेगळे शोध घ्या. एकदा सर्टिफिकेट लावून दोघांची एकूण रक्कम, एकदा सर्टिफिकेटशिवाय तुम्ही खरोखर घेतले असते त्या तिकिटाची दोघांची रक्कम. फरक तेवढाच वाचला. पहिले तिकीट महाग घेऊन दुसरे फुकट मिळाले, तर कंपनीने एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले.

प्लॅटिनमचे गणित: ३५० शुल्क अधिक ८० कर, म्हणजे ४३० डॉलर. दुसरे तिकीट त्यापेक्षा महाग हवे. कार्डावर रेस्टॉरंटचे आणि टॅक्सी अ‍ॅपचे दरमहा दहा-दहा डॉलरही मिळतात, पण ज्या महिन्यात वापरले नाहीत त्या महिन्याचे बुडाले. एरवीही तुम्ही जो खर्च केलाच असता, तेवढाच हिशेबात धरा. ‘कार्ड आहे म्हणून’ केलेले जेवण धरू नका.

दोन अटी आणखी. डेल्टात कार्डधारकाने स्वतः प्रवास करायलाच हवा, आई-बाबांना दोघांनाच पाठवता येत नाही. आणि आरक्षणच नव्हे, प्रवासही सर्टिफिकेटच्या मुदतीच्या आत हवा. मुदत साधारण एका वर्षाची असते. सर्टिफिकेट खात्यात आले त्याच दिवशी मुदत कॅलेंडरवर टाका आणि चार महिने आधीची आठवण लावा. शेवटच्या महिन्यात चालणाऱ्या वर्गाच्या जागा मिळणे कठीण.

साउथवेस्ट: मेहनत जास्त, फळही जास्त

इथे एक कूपन नाही, पास आहे. एका कॅलेंडर वर्षात १,३५,००० पात्र पॉइंट मिळवा किंवा १०० एकेरी प्रवास करा. मग त्या वर्षाचे उरलेले महिने आणि पुढचे पूर्ण वर्ष तुमचा ठरवलेला सोबती तुमच्याबरोबर हव्या तेवढ्या वेळा येऊ शकतो. भरायचे फक्त कर, देशांतर्गत एकेरी प्रवासाला ५.६० डॉलरपासून. तुमचे स्वतःचे तिकीट पॉइंटवर काढलेले असले तरी पास चालतो, ही मोठी सोय. सोबती वर्षातून तीन वेळा बदलता येतो.

पॉइंट येतात कुठून? चेस बँकेच्या साउथवेस्ट कार्डाचा स्वागत-बोनस या हिशेबात धरतात, आणि कार्डधारकाला वर्षाला १०,००० पॉइंटची जादा भर मिळते. म्हणजे उरले १,२५,०००. इतर कार्डांवरून वळवलेले किंवा विकत घेतलेले पॉइंट धरत नाहीत.

इथे वेळ साधली की निम्मे काम झाले. बोनसचे पॉइंट ज्या वर्षी खात्यात जमा होतात, त्या वर्षाचे धरतात. ऑक्टोबरमध्ये पासची अट पूर्ण केलीत तर मिळाले चौदा-पंधरा महिने. फेब्रुवारीत पूर्ण केलीत तर जवळजवळ दोन वर्षे. म्हणून वर्षाच्या अखेरीस अर्ज करा आणि बोनससाठीचा शेवटचा खर्च जानेवारीत पडेल असे पाहा. बोनसची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, ती चुकवू नका. गेल्या चोवीस महिन्यांत कोणत्याही बँकांची मिळून पाच नवी कार्डे घेतली असतील, तर चेस बहुधा अर्ज नाकारते.

कार्डाचे शुल्क प्रकाराप्रमाणे ९९, १४९ किंवा २२९ डॉलर. पूर्वी इथे दोन बॅगा सगळ्यांना फुकट होत्या. मे २०२५ अखेरीस ते संपले. आता कार्डधारकाला आणि त्याच आरक्षणातल्या सोबत्यांना पहिली बॅग फुकट, इतर बहुतेकांना पैसे. सोबत्याचे तिकीट तुमच्या आरक्षणाला नीट जोडले गेले आहे का, हे बॅग देण्याआधी तपासा.

भारताचे तिकीट यात बसते का?

बसत नाही. अलास्काचे कूपन आणि डेल्टाचे सर्टिफिकेट मुंबईच्या प्रवासाला चालत नाही आणि साउथवेस्ट भारतात जातच नाही. भारतासाठी विचार करायचा तर चेस बँकेचे ब्रिटिश एअरवेजचे कार्ड: शुल्क ९५ डॉलर, कॅलेंडर वर्षात ३०,००० डॉलर खर्च केल्यावर ‘ट्रॅव्हल टुगेदर’ तिकीट. लंडनमार्गे मुंबईला ते वापरता येते.

पण इथे पहिले तिकीट एव्हिऑस, म्हणजे ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंटवर काढावे लागते, आणि सोबत्याचे फक्त एव्हिऑस माफ होतात. कर आणि विमान कंपनीचे जादा आकार दोघांचेही रोख भरावे लागतात. इकॉनॉमीत हे आकार इतके असतात की हंगाम नसताना मिळणारे साधे सवलतीचे तिकीट अनेकदा तेवढ्यातच बसते. बिझनेस क्लासने जाणार असाल, तरच याचा विचार करा. पॉइंटवरच्या जागा ३५५ दिवस आधी खुल्या होतात. डिसेंबरची लग्नसराई गाठायची असेल तर आदल्या डिसेंबरपासून नजर ठेवा. ३०,००० डॉलरचा खर्च घरात एरवी होत नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

कागदपत्रे

कार्डासाठी सहसा सोशल सिक्युरिटी नंबर आणि अमेरिकेतला क्रेडिट इतिहास लागतो. नुकतेच आलेल्यांनी आधी वर्षभर साधे, बिनशुल्काचे कार्ड वापरून वेळेवर बिल भरावे.

आरक्षण करताना सोबत्याचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच टाका. लग्नाआधीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव मागेपुढे, यातच गोंधळ होतो, आणि दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणात असल्यामुळे दुरुस्ती जास्त किचकट होते. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत उड्डाणांनाही साधे ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही, रिअल आयडी किंवा पासपोर्ट हवा. भारतातून आलेल्या आई-बाबांना त्यांचा भारतीय पासपोर्ट चालतो.

डेल्टाचे सर्टिफिकेट घेऊन कॅन्कुनला जायचा बेत असेल, तर आधी पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा पाहा. तो चालू असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. एच-१बीचा शिक्का संपलेला असेल, तर तिकीट काढण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. ती झंझट नको असेल तर पोर्तो रिकोला जा. समुद्र तोच, देश अमेरिकाच.

कुठे वापराल, कुठे नाही

वापरा: नाताळ, थँक्सगिव्हिंग, शाळेच्या सुट्या, बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन. तारीख बदलता येत नाही आणि भाडे चढलेले असते, तिथे कूपनचे मोल सर्वाधिक.

दोन वर्षांखालील बाळासाठी वापरू नका, देशांतर्गत प्रवासात ते मांडीवर फुकट जाते. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला मात्र स्वतःची जागा घ्यावीच लागते, तिथे सोबती म्हणून मूल चालते. चौघांचे कुटुंब असेल तर दोघांनी एकेक कार्ड घेऊन दोन कूपने लावता येतात, पण मग शुल्कही दुप्पट. आरक्षणेही दोन होतात. विमान रद्द झाले किंवा बदलले, तर कंपनी दोन्ही आरक्षणे वेगवेगळी हाताळते. मुलांना एकेका पालकाबरोबर ठेवा.

शेवटच्या चार सूचना

बिल दरमहा पूर्ण भरत नसाल, तर यातले एकही कार्ड घेऊ नका. २४ टक्के व्याजाने ६,००० डॉलरची बाकी महिन्याला साधारण १२० डॉलर खाते. एका महिन्यात कूपनच्या फायद्याचा मोठा तुकडा गेला.

किमान खर्च गाठण्यासाठी नको ती खरेदी करू नका. विम्याचा हप्ता, किराणा, मुलांच्या क्लासची फी असा ठरलेला खर्च त्या कार्डावर वळवा. घरभाडे किंवा कर कार्डाने भरताना दोन-तीन टक्के आकार लागतो का, ते आधी पाहा.

शुल्क, खर्चाच्या अटी आणि स्वागत-ऑफर वारंवार बदलतात. अर्जाच्या पानावर त्या दिवशी लिहिलेले तेवढेच खरे, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

आणि वर्षातून एकदा, शुल्काचे बिल आले की गेल्या वर्षीची बचत कागदावर मांडा. शुल्कापेक्षा कमी भरली तर बँकेला फोन करून कार्ड बिनशुल्काच्या किंवा कमी शुल्काच्या प्रकारात बदलून मागा, नाहीतर बंद करा. अमेरिकन एक्सप्रेस शुल्काचे स्टेटमेंट आल्यापासून तीस दिवसांत कार्ड बंद केल्यास शुल्क परत देते. फोनवरचा माणूस राहण्यासाठी काही पॉइंट देऊ करेल. ते घ्यायचे की नाही, हेही त्याच कागदावर ठरवा.