सुगीच्या दिवसांतले डंख: ठणक्यावर जाऊ नका, लक्षणे बघा

उडीद-मूग घरात आले, सोयाबीनची पाने पिवळी पडू लागली, भात निसवला, की शिवारात माणसांची वर्दळ वाढते. वर्षभरात सर्वांत जास्त हात झुडपात, पाल्यात आणि ढिगाखाली जातात ते याच दिवसांत. नेमक्या याच काळात गांधीलमाश्यांची घरटी वर्षातली सर्वांत मोठी झालेली असतात, आग्या मोहोळे झाडांवर येऊन बसू लागतात, बांधावरच्या गवतात काटेरी अळ्या दिसतात आणि पावसाने उघडीप दिली की विंचू बाहेर पडतात. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत म्हणूनच कापणी-मळणीच्या नियोजनात डंखापासूनच्या बचावालाही जागा हवी.

डंख झाला की आजूबाजूचे लोक पहिला प्रश्न विचारतात, "लई ठणकतंय का?" धोका किती आहे हे या प्रश्नाने कळत नाही. माणसाला गडाबडा लोळायला लावणारे काही डंख दुसऱ्या दिवसापर्यंत निवळतात, तर फारसे न दुखणारा एखादा डंख जिवावर बेतू शकतो. त्यामुळे ठणका किती आहे यापेक्षा अंगात दुसरे काय काय होते आहे, हे पाहण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला हवी.

बांधावरची काटेरी अळी

२०२२ च्या पावसाळ्याअखेरीस मराठवाडा आणि नगर भागात उसाच्या व गवताच्या बांधावर काम करणाऱ्या काही शेतकऱ्यांना एका अळीचा स्पर्श झाला आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. 'घोणस अळी' या नावाने तिचे फोटो गावोगावी मोबाईलवर फिरले आणि काही दिवस लोक उसात पाय ठेवायला घाबरू लागले.

ही एका पतंगाची अळी आहे. ती चावत नाही, अंगावर उडी मारत नाही, माणसाच्या मागे लागत नाही. अंगाने चपटी, पोपटी रंगाची, पाय न दिसणारी, गोगलगायीसारखी सरकत जाणारी. पाठीवर दोन्ही कडांनी काट्यांचे बारीक गुच्छ असतात. हे काटे आतून पोकळ असतात आणि त्यांच्या मुळाशी विष असते. हात घासला की काट्याचे टोक कातडीत मोडते आणि आग सुरू होते. गवत, एरंड, मका, आंबा अशा अनेक वनस्पतींवर ती जगते, पण सहसा तुरळकच आढळते. एखादी अळी दिसली म्हणून अख्ख्या उसावर फवारणी काढणे हा खर्च वाया जातो.

स्पर्श झालाच तर ती जागा चोळू नका. साधी चिकटपट्टी त्या जागी दाबून लावा आणि ओढून काढा. दरवेळी नवा तुकडा घेऊन तीन-चार वेळा असे केले की कातडीत अडकलेले काटे पट्टीबरोबर निघून येतात. मग साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा, खाण्याच्या सोड्याचा लेप लावा. आग बहुधा काही तासांत कमी होते. काटा डोळ्यात गेला असेल तर मात्र घरी काही न करता दवाखाना गाठा. चारा कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घातले तर बहुतेक वेळा हा प्रसंगच येत नाही.

गांधीलमाशी

गांधीलमाशी लाकडाचा भुसा चावून, लाळेत कालवून कागदासारखे घरटे बांधते. पावसाच्या सुरुवातीला त्यावर मोजक्या माश्या असतात. भाद्रपद उजाडेपर्यंत त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते आणि राखण करणाऱ्या माश्याही वाढतात. डाळिंबाच्या दाट फांद्या, आंब्याची कलमे, करवंदाच्या जाळ्या, घाणेरीचे कुंपण, मोटारीची स्टार्टर पेटी, पाइपांचा ढीग, गोठ्याचे आढे या तिच्या आवडत्या जागा. मधमाशीची नांगी डंख केल्यावर तुटून कातडीत राहते. गांधीलमाशीची तशी तुटत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

छाटणी किंवा तणनियंत्रण सुरू करण्याआधी त्या ओळीकडे थोडा वेळ नुसते उभे राहून बघा. माश्या एकाच ठिकाणी सारख्या येत-जात असतील तर तिथे घरटे आहे असे समजा. फांदीला लाल चिंधी बांधा, मजुरांना दाखवा आणि तेवढा पट्टा सोडून काम करा. ग्रासकटर आणि ट्रॅक्टरचा हादरा माश्यांना लांबूनही जाणवतो, म्हणून अशा ठिकाणी यंत्र घालू नका. एखादी माशी तोंडाभोवती घिरट्या घालू लागली तर हातवारे न करता, आल्या वाटेने सावकाश मागे सरा.

वाटेत नसलेले घरटे राहू द्या. गांधीलमाश्या पिकावरच्या अळ्या पकडून आपल्या पिलांना भरवतात, म्हणजे त्या आपलेच काम करतात. स्टार्टर पेटीत किंवा घराच्या दारात घरटे असेल तर अंधार पडल्यावर, सर्वांग झाकून, माहीतगार माणसाकडूनच ते काढून घ्या. पेट्रोल ओतणे, पलिता लावणे हे प्रकार टाळा. वाळलेल्या शिवारात त्यातून गंजीला आग लागायला वेळ लागत नाही. भिंतीवर मातीचे छोटे घर लिंपणारी कुंभारीण माशी वेगळी. ती एकटी राहते आणि सहसा कोणाला डंख मारत नाही. तिचे घर फोडायची गरज नाही.

आग्या मोहोळ

वड, पिंपळ, सावर यांच्या उंच फांद्यांवर किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर टांगलेले एकच मोठे पोळे असेल तर ते आग्या मोहोळ. पेटीत पाळलेल्या सातेरीचा आणि याचा स्वभाव पार वेगळा. फुलोरा असेल तिकडे या माश्या मुक्काम हलवतात. पावसाळा सरल्यावर कारळे, सूर्यफूल आणि पुढे करडईच्या पट्ट्यात त्या उतरतात. पोळ्याकडे लांबून नीट पाहिले तर माश्यांच्या थरावरून मधूनच एक चकाकती लाट सरकत गेल्यासारखी दिसते. जवळ आलेल्या शत्रूला धमकावण्यासाठी माश्या ओळीने पोटे उचलतात, त्याची ती लाट. ती पुन्हा पुन्हा उठू लागली की त्या झाडाखालून काढता पाय घ्या.

मोहोळाच्या खाली किंवा वाऱ्याच्या दिशेला पाचट, धसकटे पेटवू नका. धुराने माश्या उठतात. दगड मारणे, झाडाखाली यंत्र चालवणे, पोळ्याजवळून फवारणीचा ड्रोन नेणे, हेही तसेच धोक्याचे. जनावरे मोहोळाच्या झाडाखाली बांधू नका. हल्ला झाला तर दाव्याला बांधलेल्या बैलाला पळता येत नाही.

माश्या उठल्याच तर एकच करायचे: पळायचे. सदरा, टॉवेल किंवा पदर तोंडावर ओढून घ्या, पायापुढची वाट दिसेल एवढी फट ठेवा आणि खोली किंवा बंद गाडी गाठा. त्या काही शे मीटर पाठलाग करतात, म्हणून पंचवीस-तीस पावलांवर थांबू नका. विहिरीत किंवा शेततळ्यात उडी मारू नका. माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडून जातो. अंगावर बसलेली माशी चिरडली की तिच्यातून पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या तुटून पडतात.

सुरक्षित जागी पोहोचताच अंगातल्या नांग्या काढा. नांगीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी पिशवी दिसते. माशी निघून गेल्यावरही ती थोडा वेळ आकसत राहते आणि विष आत ढकलते. त्यामुळे नखाने खरवडा, चिमटीने ओढा किंवा एटीएम कार्डाच्या कडेने काढा, पण लगेच काढा. कोणत्या पद्धतीने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे जास्त महत्त्वाचे. नंतर साबणाने धुऊन बर्फ लावा आणि अंगठी, बांगड्या, करदोटा सुजेआधी उतरवून ठेवा.

मोहोळ जाळून मध काढण्याचा प्रकार अजून दिसतो. त्यात माश्या मरतात, पिल्ले जळतात आणि पुढच्या फुलोऱ्यात परागीभवन करणारेच उरत नाहीत. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मोहोळ न मारता मध काढण्याचे शिक्षण मिळते. गावातल्या दोन-चार तरुणांनी ते घेतले तर अडचणीच्या जागचे मोहोळ हलवायलाही त्यांचा उपयोग होईल.

विंचू

विंचू कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला. तरी सुगीच्या दिवसांत त्याला वगळून चालत नाही. ताडपत्रीखालची सोयाबीनची गंज, गोवऱ्यांचा उडवा, दगडी बांध, कौले, नारळाच्या सोडणांचा ढीग आणि रात्रभर ओट्यावर ठेवलेली चप्पल, हे सगळे त्याचे निवारे.

मोठा, काळा, जाड नांग्यांचा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचे विष त्या मानाने सौम्य. खरा धोका लहान, तांबूस, बारीक नांग्यांच्या लाल विंचवाचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकापासून कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर काम केले. त्यांच्या अभ्यासातून प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या दंशावर वापरात आले आणि एरवी हमखास दगावणारे अनेक रुग्ण वाचू लागले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचवाच्या दंशात आढळणारी एक गोष्ट प्रत्येक शेतकरी कुटुंबाने लक्षात ठेवावी. ज्याला जागेवर असह्य ठणका असतो पण बाकी काही होत नाही, तो बहुधा बरा होतो. ज्याला ठणका कमी, पण दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे सुरू होते, त्याच्या हृदयावर विषाचा परिणाम होत असतो. पुढे फुप्फुसात पाणी भरून दम लागतो. मूल "आता दुखत नाही" म्हणत असेल आणि त्याचे कपडे घामाने भिजले असतील, तर ते बरे होत आहे असे समजू नका. गाडी काढा.

दंशाच्या वर दोरी आवळणे, चिरा देणे, रक्त चोखणे, मंत्र घालणे यांत जाणारा अर्धा तास परत मिळत नाही. प्राझोसिन घरात ठेवून स्वतः देऊ नका. मात्रा आणि वेळ डॉक्टरच ठरवतील. विंचूप्रतिविषाबाबतही तेच.

रात्री पाणी द्यायला जाताना एक युक्ती उपयोगी पडते. नोटा तपासायला वापरतात तसली अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी घ्या. तिच्या उजेडात विंचवाचे अंग निळसर हिरवे चमकते आणि दगडाच्या फटीतला विंचूही लगेच नजरेस पडतो. गंज हलवताना थेट हात घालू नका, आधी दाताळे किंवा काठी वापरा. जमिनीवर झोपणाऱ्यांनी खाट किंवा मच्छरदाणी वापरावी आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात.

दवाखाना कधी गाठायचा

डंख कोणाचाही असो, खालीलपैकी एक जरी लक्षण दिसले तर थांबू नका:

- डंखाच्या जागेपासून लांब, सर्वांगावर पित्तासारख्या गांध्या उठणे
- ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, श्वासाला घरघर लागणे
- चक्कर, शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या
- विंचूदंशानंतर घाम आणि थंड पडलेले हातपाय
- तोंडाच्या आत, घशात किंवा डोळ्यावर झालेला डंख
- एकाच वेळी झालेले पुष्कळ डंख, वरवर बरे वाटत असले तरी
- पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी कमी होणे किंवा चहासारखी गडद होणे. पुष्कळ डंखांच्या विषाने स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येतो, त्याची ही खूण

पहिली तीन लक्षणे बहुधा अर्ध्या तासाच्या आत दिसतात. ही तीव्र ॲलर्जी असते आणि ती एकाच डंखानेही होऊ शकते. तिच्यावरचे पहिले औषध म्हणजे मांडीत देण्याचे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवू नका. पाय उंच ठेवून आडवे निजवा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या आणि १०८ वर फोन करा. बरे वाटले तरी काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. ज्याला एकदा असे झाले आहे त्याने छाटणी आणि मध काढणीच्या कामापासून लांब राहावे आणि ही गोष्ट सोबतच्या मजुरांना सांगून ठेवावी.

काम सुरू होण्याआधी

मजुरांना उचल देताना जसा हिशेब होतो तशीच ही तयारीही व्हावी: पूर्ण बाह्यांचे सदरे, जाड हातमोजे, पायात बूट, आणि एका डब्यात चिकटपट्टी, चिमटा, साबण, पॅरासिटामॉल. ॲड्रिनॅलिन आणि प्राझोसिन उपलब्ध आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच विचारून घ्या. तिथे सोय नसेल तर पुढचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथे कोणाच्या गाडीने जायचे हेही ठरवून ठेवा.

दुर्दैवाने विंचूदंशाने शेतकरी कुटुंबातल्या कोणाचा मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपयांची मदत मिळू शकते. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेळेत अर्ज करावा लागतो, आणि दवाखान्याच्या कागदांवर मृत्यूचे कारण स्पष्ट नोंदलेले नसेल तर प्रकरण अडकते. म्हणून रुग्णाला दाखल करतानाच कशाचा दंश झाला, किती वाजता आणि कुठे झाला, हे केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टरांना उपचार ठरवतानाही याच तीन गोष्टी आधी लागतात.