वाफसा येऊ द्या

सायकलचं मागचं चाक फिरायचं थांबलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस होता, मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मागे-पुढे माणूस नाही. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वी पडून गेला होता. काल दिवसभर लख्ख ऊन होतं. रस्ता वरून वाळलेला, भेगाळलेला दिसत होता, म्हणूनच मी बिनधास्त आत शिरलो.

त्या दिवशी पुढच्या तीन तासांत मी जेमतेम चार किलोमीटर गेलो, तेही सायकल कधी ढकलत, कधी खांद्यावर घेऊन. त्याबद्दल लिहितोय, कारण सोलापुरात आता रुंद टायरच्या ग्रॅव्हल सायकली दिसू लागल्या आहेत आणि नदीकाठच्या वाटा सगळ्यांनाच खुणावतात.

मलाही त्या वाटांनी असंच ओढलं होतं. स्पेनमधल्या नदीखोऱ्यांतून, छोट्या गावांतून कच्च्या वाटांनी जाणाऱ्या सायकलस्वारांचे व्हिडिओ मी रात्र रात्र पाहत असे. तिथे कास्तियाचा जुना कालवा आहे, २०७ किलोमीटरचा. पूर्वी ज्या काठवाटेवरून खेचरं नावा ओढत, तिच्यावरून आज सायकली जातात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्याही त्यांनी सायकलवाटा केल्या आहेत. मनात आलं, आपल्याकडे भीमा आहे, सीना आहे, पाणंदी आहेत, मग आपल्याला काय कमी आहे? काहीच कमी नाही, हे मी आजही म्हणतो. पण आपली माती वेगळी आहे.

निघालो होतो हत्तरसंग कुडलला. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर सीना भीमेला मिळते, तिथे संगमावर हरिहरेश्वर आणि संगमेश्वर ही जुनी मंदिरं आहेत. ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग तिथलंच. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेखही तिथलाच. मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिथे जावं, आणि सायकलने गेलात तर जास्तच बरं, कारण दोन नद्यांमधली ही चिंचोळी पट्टी मोटारीच्या काचेतून कळत नाही. विजापूर रस्त्याने वडकबाळचा पूल ओलांडला की सीना डाव्या हाताला राहते, भीमा पुढे उजव्या अंगाने येते. डांबरी रस्ता थेट मंदिरापर्यंत जातो. मी मात्र मंद्रूप ओलांडल्यावर डांबर सोडलं. मोबाइलच्या नकाशावर नदीच्या बाजूने एक बारीक रेघ दिसत होती, तिच्यावर विश्वास ठेवला.

काळ्या रानाची गंमत नदीकाठच्या माणसाला सांगावी लागत नाही, शहरातल्याला लागते. ही माती बेसॉल्ट खडकाची, चिकणमातीने भरलेली. पाणी प्याली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भर पावसात तिचा रेंदा होतो. त्या रेंद्यात चाक घसरतं, पण तो पाण्यासारखा निथळतो तरी. खरा धोका नंतर असतो. पाऊस थांबून दीड-दोन दिवस झाले, वर पापुद्रा धरला आणि खाली ओल राहिली, की ती डिंकासारखी होते. माझी सायकल नेमकी त्यात सापडली.

पहिली खूण कानाला कळते. फोर्कच्या आतून खसखस आवाज येतो, चाकाला धरलेला चिखल घासत असतो. तो आवाज आला की उतरायचं. मी उतरलो नाही. गियर हलका केला आणि नेटाने पायडल मारत राहिलो. पन्नास पावलांत टायरची नक्षी दिसेनाशी झाली. मग चिखलात उसाचं पाचट मिसळून त्याच्या दोऱ्या वळल्या आणि त्या साखळीबरोबर आत गेल्या. साखळी गियरांवर सरकवणारा मागचा डिरेलर वळून आऱ्यांत घुसला आणि तो ज्या बारक्या हँगरवर बसतो तो कट्‌कन तुटला. मातीने सायकल अडवली होती, मोडली माझ्या पायांनी.

अमेरिकेत कॅन्ससमध्ये अनबाउंड नावाची ग्रॅव्हल सायकलींची मोठी शर्यत होते. २०२३ साली तिथेही सुरुवातीलाच असाच चिकट चिखल लागला आणि पट्टीचे स्वार सायकली खांद्यावर घेऊन चालले. रंग ढवळायच्या चपट्या लाकडी पट्ट्या खिशात ठेवायची तिथली पद्धत आहे, चिखल खरवडायला. माझ्या खिशात काहीच नव्हतं. बोटांनी खरवडला, मग काटकीने. दहा पावलं चाललो की पुन्हा तेवढाच. अकरा किलोची सायकल चिखलाने दुप्पट जड लागत होती. पाणी दीड लिटर घेतलं होतं, ते दहाच्या आधी संपलं. ऑक्टोबरचं सोलापुरी ऊन चटका देतं आणि उसात वारा नसतो. हातापायांत गोळे यायला लागले, तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. घरी मी फक्त ‘नदीकडे जातोय’ एवढंच सांगून निघालो होतो.

साडेअकराच्या सुमारास एक वस्ती लागली. पत्र्याचं घर, दारात म्हैस. ओट्यावर एक वयस्क मामा बसले होते. त्यांनी आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही न विचारता आत हाक मारली, “पाणी आण गं, गूळ पण आण.” मावशींनी तांब्या दिला आणि म्हणाल्या, “घटाघटा पिऊ नका, बसा आधी.” मामांनी खुरपं आणलं आणि चाकाचा चिखल असा सोलून काढला, जसा एखादा फणस सोलावा. काढता काढता म्हणाले, “वाफसा आल्याबिगर आम्ही रानात बैल घालत न्हाई. तुम्ही सायकल घातली व्हय?”

वाफसा. हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता. पावसानंतर जमिनीतलं जास्तीचं पाणी निथळून ओल आणि हवा यांचं प्रमाण बसतं, मूठभर माती हातात दाबली तर गोळा होतो पण बोटांना चिकटत नाही, तो वाफसा. मग कुळव चालतो, पेरणी होते. मामांनी मला शेतात नेऊन मूठ वळून दाखवली. खालच्या भारी रानातली माती तळहाताला चिकटून राहिली. वरच्या मुरमाड तुकड्यातली भुसभुशीत सुटली. “माळाला एका दिसात येतो, हिकडं काळ्यात चार-पाच दिस धरा. ढग असलं तर आठ.” नदीकाठच्या सायकलवाटांचं याहून नेमकं वेळापत्रक मला आजवर कुठे मिळालेलं नाही.

तेव्हापासून मी तसंच करतो. पाऊस झाला की नदीकाठ सोडून माळरानाच्या, मुरमाच्या वाटा धरतो. काळ्या रानात शिरण्याआधी उतरून मूठ वळून बघतो, दहा सेकंद लागतात. माती चिकटली तर परत फिरतो, कितीही किलोमीटर आलो असलो तरी. जवळ एक चपटी लाकडी पट्टी आणि सायकलच्या मापाचा जादा हँगर ठेवतो. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, तो ऐन वेळी खेड्यात मिळत नाही आणि शहरातही मागवावा लागतो.

सराट्यांचं वेगळं सांगतो. पावसाळ्यानंतर बांधावर सराटे वाळतात आणि वेडी बाभूळ तर बारा महिने काटे टाकते. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट हवंच. पण आपल्या उन्हात ते लवकर सुकतं. दोन महिन्यांनी झडप उघडून बघा, नाहीतर आत फक्त रबराची साय उरलेली असते.

पाण्याचंही असंच. बंधाऱ्यावरून पलीकडे जायचा मोह मोठा असतो, कारण पुलाचा वळसा वाचतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची वरची वाट अरुंद असते, पुष्कळ ठिकाणी कठडा नसतो. उतरून, सायकल हातात धरून जा. वरून पाणी वाहत असेल, मग ते घोट्याएवढं का असेना, जाऊ नका. आभाळ निरभ्र आहे म्हणून भीमा शांत असेल असं समजू नका. उजनी धरणातून पाणी सोडलं की इथे पावसाचा थेंब नसतानाही नदी चढते. सीनेचं रूप तर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सगळ्यांनी पाहिलं, लांबोटीला पुण्याचा महामार्ग बंद पडला होता. काठावर पाणी उपसायच्या मोटारींच्या वायरी गवतातून गेलेल्या असतात, ओल्या गवतात त्यांच्यावरून सायकल नेऊ नका. आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर ओढणारे उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागून दिसत नाहीत. दिवस मावळायच्या आत घरी या.

खरे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीचे. रान टणक झालेलं असतं, शाळू निसवलेला असतो, वस्त्यांवर हुरडा भाजतात. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. भाकरी पिशवीत मोडली तरी विटत नाही. मीठ-साखर घातलेलं तीन लिटर पाणी न्या. दक्षिण सोलापुरात पुष्कळ घरांत कानडी बोलतात, तेव्हा ‘नीर’ आणि ‘दारी’, म्हणजे पाणी आणि वाट, हे दोन शब्द पाठ असू द्या. आणि घरातून निघताना कुठल्या वाटेने, कुठल्या गावावरून, किती वाजेपर्यंत हे सांगून निघा. ही एक गोष्ट मी केली असती तर त्या दिवशी घरच्यांना दुपारपर्यंत जीव मुठीत धरून बसावं लागलं नसतं.

मामांनी त्या दिवशी मला आणि मोडक्या सायकलला ट्रॅक्टरवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत, माझा नंबर मात्र घेतला. आता पाऊस झाल्यावर निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना फोन करतो. मागच्याच आठवड्यात केला होता. इथे सोलापुरात अंगण कोरडं खडखडीत होतं. पलीकडून थोडा वेळ काही बोलणं नाही, नुसती चपलांची चाहूल. ते बांधापर्यंत गेले असणार. मग आवाज आला, “आज न्हाई. परवा या, मावशी धपाटी करतीया.”